क्लासिक गोष्टींचा सोपा सेट, एक सत्र वापरून: गोष्ट पोचली, सत्त्याऐंशी सेंट हरवले

सगळ्यात आधी कामाचं सांगते. सेट आला की पुस्तकांना खाकी कव्हर घाला, मागच्या बाजूनं तर नक्कीच, आणि मगच मुलांच्या हातात द्या. का ते पुढे येतंच.

तर हा इंग्रजीच्या वर्गासाठीचा क्लासिक गोष्टींचा सेट. बारा गोष्टी, तीन लेव्हल, प्रत्येक पुस्तकाच्या सहा-सहा प्रती, एक टीचर गाइड, झेरॉक्स काढायच्या वर्कशीट आणि ऑडिओसाठी क्यूआर कोड. प्रकाशकाचं नाव मुद्दाम घेत नाहीये, असे सेट बरेच जण काढतात आणि मी आत्तापर्यंत तीन-चार हाताळलेत, खोड्या सगळ्यांच्या थोड्याफार सारख्याच. माझ्या वर्गात तेरा-चौदा वर्षांची मुलं, इंग्रजी ही कुणाचीच घरची भाषा नाही, आणि एकाच बाकावर जाडजूड कादंबऱ्या वाचणारी मुलगी आणि तिच्या शेजारी अजून अक्षराला अक्षर जोडणारा मुलगा असा सगळा प्रकार. अख्खं सत्र वापरलाय, म्हणजे बॉक्स उघडल्या उघडल्या लिहिलेला रिव्ह्यू नाही हा.

लेव्हलचं आधी, कारण पहिल्या वर्षी मी यातच फसले होते. ४००, ७०० आणि १००० असे आकडे पुस्तकांवर आहेत. मला वाटायचं ४०० म्हणजे पुस्तकात ४०० शब्द. तसं नसतं. हे मूळ शब्द असतात, म्हणजे गो, गोज, वेंट, गॉन हे सगळं मिळून एक धरायचं, आणि तेच ४०० शब्द फिरवून फिरवून पुस्तक पाच-सहा हजार शब्दांचं होतं. हे फिरवणंच तर कामाचं आहे, कारण नवा शब्द एकदा भेटून कुणाच्या लक्षात राहत नाही, सात-आठ वेळा वेगवेगळ्या वाक्यांत समोर आला की मग तो आपला होतो.

पण मग ओरिजिनलच का देत नाही असं आमच्याकडचे काही सिनियर विचारतात, आम्ही तर थेट ओरिजिनल वाचायचो म्हणतात. वाचायचो म्हणजे सर वाचायचे, अर्थ फळ्यावर यायचा आणि आपण उतरवायचो, ते वाचन होतं का हा वेगळा विषय. असो. हू आणि नेशन या दोन संशोधकांचा २००० सालचा एक अभ्यास आहे, त्यातला आकडा आता सगळेच सांगतात, की कुणाच्या मदतीशिवाय नीट वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी. आणि याच पॉल नेशन यांनी २००६ साली हिशोब मांडला की सोपी न केलेली कादंबरी त्या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक, यायला हवीत. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांची गाडी हजाराच्या आसपास. मधल्या सात-आठ हजारांच्या दरीत उडी मार म्हटलं की मूल उडी मारत नाही, पुस्तक मिटतं.

आणि सोप्या आवृत्त्या हे आजकालचं फॅडही नाही. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या दशकात बंगालमध्ये काम करत होते, त्यांच्या लक्षात आलं की मुलांच्या वाचनमालेत नवे शब्द फार दाटीनं येतात आणि त्यातले बरेचसे जुनाट, पुस्तकी, पुन्हा कधी भेटणारच नाहीत असे. त्यांनी जुनाट शब्द काढून रोजचे घातले आणि नवे शब्द अंतरा-अंतरानं पेरले, बस. पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार नेहमीच्या इंग्रजी शब्दांची त्यांची यादी आली, आणि आज जे लेव्हलवाले सेट आपण विकत घेतो त्यांची मुळं तिथपर्यंत जातात. मला हे फार आवडतं, की हा उद्योग आपल्यासारख्याच कुणाच्या तरी वर्गात सुरू झाला.

आता सेट कसा निघाला ते. मी अगदी मनापासून सांगते, पहिल्या लेव्हलनं जे केलं ते मला दहा वर्षांत जमलं नव्हतं. तो शेजारचा मुलगा, अक्षराला अक्षर जोडणारा, त्यानं ४०० वालं एक भुताचं पुस्तक घरी नेलं आणि तिसऱ्या दिवशी आणून टेबलावर ठेवलं आणि काहीच बोलला नाही, नुसता उभा. मी म्हटलं झालं का वाचून, तर म्हणाला, ‘टीचर, पूर्ण.’ त्या ‘पूर्ण’मध्ये जे होतं ना, त्यासाठी मी सेटचे बाकीचे निम्मे गुन्हे माफ करायला तयार आहे. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं इंग्रजी पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.

पण निम्मेच गुन्हे.

सेटमध्ये ओ. हेन्रींची ती नवराबायको आणि सणाच्या भेटींची गोष्ट आहे, १९०५ साली पहिल्यांदा वर्तमानपत्रात आलेली, ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’. (ज्यांनी वाचली नाही त्यांनी पुढचे तीन पॅरे सोडा, मला मागच्या कव्हरसारखं वागायचं नाहीये.) सेटमधली आवृत्ती अशी सुरू होते, की डेला गरीब होती, तिच्याकडे दोन डॉलरपेक्षा कमी पैसे होते, उद्या सण होता आणि तिला नवऱ्यासाठी, जिमसाठी, काहीतरी घ्यायचं होतं. बरोबर आहे, काहीच चूक नाही. व्याकरण शुद्ध, शब्द सोपे. आणि पार मेलेलं.

मूळ गोष्टीची सुरुवात मी फळ्यावर लिहिली. पहिल्या वाक्यात क्रियापदच नाही, नुसती रक्कम, एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. दुसरं वाक्य तीन शब्दांचं, इतकंच होतं. तिसरं वाक्य ‘अँड’नं सुरू होतं आणि सांगतं की त्यातले साठ सेंट तर नुसत्या पेनी होत्या, म्हणजे चिल्लर. मुलांना विचारलं, काय दिसतं? एकजण म्हणाली ती पैसे मोजतेय. दुसरी म्हणाली परत परत मोजतेय. मागून आवाज आला, टीचर, तुम्ही तर सांगितलं होतं ‘अँड’नं वाक्य सुरू करायचं नाही आणि क्रियापदाशिवाय वाक्य होत नाही. आता यावर काय बोलायचं! अर्धा तास गेला त्यावर, नियम कधी पाळायचा आणि मोडला तर कशासाठी, आणि तुटक वाक्यं वाचताना आपलाही श्वास तसाच का तुटतो. तो अर्धा तास टीचर गाइडमध्ये कुठेच नाही, कारण सेटच्या आवृत्तीत त्या तीन वाक्यांचं एक गुळगुळीत वाक्य केलंय.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. गणितात हुशार आणि इंग्रजीत तोंड न उघडणारा एक मुलगा आहे, त्यानं वहीत हिशोब मांडला. १.८७ मधून साठ पेनी गेल्या की उरतात १.२७, आणि बाकीची अमेरिकन नाणी पाच, दहा, पंचवीस अशी, मग वरचे दोन सेंट आले कुठून? लेखकानं चूक केली! वर्गात एकच कल्ला. मग शोधलं तर कळलं की अमेरिकेत पूर्वी दोन सेंटचं नाणं होतं, १८७३ साली पाडायचं बंद झालं, तीन सेंटचंही होतं, म्हणजे हिशोब ओढूनताणून बसू शकतो. चूक की बरोबर हे ठरलं नाहीच, पण त्या मुलानं उभं राहून इंग्रजीत सलग सहा-सात वाक्यं बोलून आपला मुद्दा मांडला, तेही ‘इफ’ आणि ‘देन’ वापरून, जे मी आठवडाभर व्याकरणाच्या तासाला घोटून घेत होते आणि घोटलं जात नव्हतं. मग त्यानंच पुढचे आकडे काढले. केस विकून वीस डॉलर आले, घड्याळाच्या साखळीला एकवीस गेले, आणि मूळ गोष्टीत ती घरी धावत येते तेव्हा तिच्या हातात किती? सत्त्याऐंशी सेंट. हिशोब सेंटपर्यंत जुळतो. सुरुवातीचे सत्त्याऐंशी परत येतात, फक्त आता वरचा डॉलरही गेलेला असतो. सेटमध्ये ‘थोडे पैसे उरले’ असं आहे. आकडे काही अवघड शब्द नव्हते हो, ४०० च्या यादीतही बसले असते! ते का काढले हे मला खरंच कळलेलं नाही.

ओरिजिनलची बाजू घेतेय म्हणून तेच द्या असं मात्र म्हणत नाहीये. त्याच पहिल्या परिच्छेदात ‘इम्प्युटेशन’ आणि ‘पार्सिमनी’ एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेत, तिथेच निम्मा वर्ग गळाला असता. मी ते वाक्य सरळ खोडून टाकलं आणि सहा-सात ओळीच दिल्या. गोष्ट सेटमधनं वाचायची, चव ओरिजिनलच्या सात ओळींमधनं घ्यायची, हे आता माझं ठरून गेलंय, आणि सेटवाल्यांना माझी एकच मागणी आहे की प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मूळ गोष्टीचं एक पान छापा. एक पान फक्त. बारा-पंधरा पानांचा शब्दकोडी आणि जोड्या लावाचा विभाग छापताच आहात.

आता त्या कव्हरचं. सेटमध्ये मोपासाँची हाराची गोष्ट आहे, १८८४ सालची ‘द नेकलेस’, मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवतो आणि बाई तसाच दुसरा घेऊन परत देते ती. मुळात फ्रेंच, म्हणजे आपण अनुवादाची सोपी आवृत्ती वाचतोय, दोन गाळण्यांतनं आलेली. शेवटाची गंमत टिकवायची म्हणून मी आदल्या दिवशी बसून सगळ्या प्रतींची शेवटची दोन पानं स्टेपल केली, वर्गात सांगितलं उद्यापर्यंत कुणी उघडायचं नाही, शेवट काय असेल तो प्रत्येकानं लिहून आणायचा. मुलं पानं खिडकीच्या उजेडात धरून बघत होती, इतकी उत्सुकता, मला वाटलं वा. दुसऱ्या दिवशी सहा मुलांचा शेवट शब्दाला शब्द सारखा! म्हटलं पिना काढल्यात की काय, तर पिना जागच्या जागी. ‘टीचर, मागे लिहिलंय ना.’ पुस्तक उलटून बघितलं तर मागच्या कव्हरवर तीन ओळींत गोष्टीची ओळख करून दिलीय आणि तिसऱ्या ओळीत शेवट सांगून टाकलाय. ज्या गोष्टीचा सगळा जीव शेवटच्या वाक्यात आहे, तिचा. हे लिहिणाऱ्यानं गोष्ट वाचली होती का नाही कुणास ठाऊक. म्हणून खाकी कव्हर.

याच पुस्तकात दुसरा घोळ. वाचून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, हार परत दिला तेव्हा त्या मैत्रिणीला काहीच कसं कळलं नाही, बघितला नाही का तिनं? फार बरोबर प्रश्न. सोप्या आवृत्तीत मैत्रीण हार घेते, उशीर केलास म्हणते आणि प्रकरण संपतं, त्यामुळे ते भोकच वाटतं. मुळात तिथे एक छोटंसं वाक्य आहे, की तिनं डबी उघडलीच नाही, ज्याची हिला भीती वाटत होती ते झालंच नाही. एवढंच. त्या न उघडलेल्या डबीवर पुढची सगळी गोष्ट उभी आहे, दहा वर्षांचे कष्ट, सगळं. शब्दसंख्या कमी करताना कुणालातरी वाटलं असेल की ‘डबी उघडली नाही’ म्हणजे काहीच घडलं नाही, मग काढा वाक्य.

पण त्यातनंच आमची सत्रातली सगळ्यात भारी अॅक्टिव्हिटी निघाली. मी म्हटलं गोष्ट त्या मैत्रिणीच्या बाजूनं लिहा, डबी कपाटात ठेवण्यापासून सुरुवात करा. कुणी तिला आळशी केलं, कुणी श्रीमंतीत बेफिकीर, एकीनं लिहिलं की तिला आधीच सगळं माहीत होतं पण ती मुद्दाम बोलली नाही, आणि मग त्यावर वर्गात जे भांडण झालं ते इंग्रजीत सुरू झालं आणि आपापल्या भाषेत संपलं. मी थांबवलं नाही. आधी मनातलं बाहेर येऊ दे, मग तेच इंग्रजीत कसं म्हणायचं ते बघू, असं माझं मत आहे, गाइड मात्र म्हणतं पूर्ण वेळ इंग्रजीच. गाइडला म्हणावं एकदा येऊन बस माझ्या तासाला.

वर्कशीटबद्दल फार लिहित नाही. हाराची किंमत किती, पार्टी कुठे होती, नवरा कुठे नोकरी करत होता. तपासायला सोपी, बाकी शून्य. वाचनाच्या अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी १९७८ साली वाचनाच्या दोन तऱ्हा मांडताना एक उदाहरण दिलंय, मुलानं विषारी काहीतरी प्यायलंय आणि आई बाटलीवरचं लेबल घाईघाईनं वाचतेय, तिला त्या शब्दांमधनं फक्त उपाय हवाय. ते एक वाचन. आणि दुसरं म्हणजे वाचता वाचता आपल्याला जे होतं ते. ही वर्कशीट मुलांना गोष्ट त्या बाटलीसारखी वाचायला लावतात. मी चाळीसमधल्या सहा-सात वापरल्या, त्यातली एक मात्र चांगली होती, कथेतली दहा वाक्यं कापून उलटसुलट करायची आणि गटानं क्रम लावायचा. ती पुन्हा करेन.

ऑडिओ हा वेगळाच ताप. क्यूआर स्कॅन करा, लॉगिन करा, ईमेलवर आलेला कोड टाका, आणि मग डाउनलोड करता येत नाही, नेट असेल तरच ऐका. माझ्या वर्गात नेट येतं-जातं. आणि वाचणारा माणूस इतका सावकाश वाचतो की भुताच्या गोष्टीत भूत येईपर्यंत मुलं जांभया देतात, सगळी पात्रं एकाच आवाजात, डेलाही तोच आणि जिमही तोच. शेवटी मीच वाचून दाखवायला लागले. मोठ्यानं वाचून दाखवणं हे तेरा-चौदाच्या मुलांना बालिश वाटेल असं मला वाटायचं, पण उलट झालं, शेवटच्या बाकावरची मंडळी पुढे येऊन बसायला लागली. ज्यांना आपल्या उच्चारांची धास्ती वाटते त्यांनी लिब्रिवॉक्स बघा, तिथे जगभरातली हौशी माणसं कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचून मोफत ठेवतात, २००५ पासून चालू आहे, डाउनलोडही होतं. दर्जा वाचणाऱ्यावर, काही जण अप्रतिम, काही जण पत्रा वाजवल्यासारखे, आधी स्वतः ऐकून निवडा. आणि मूळ गोष्टींची ती सात ओळींची पानं मी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांच्या साइटवरनं काढते, तेही फुकट, १९७१ पासूनचं आहे. ओ. हेन्रींची ती गोष्ट पूर्ण घेतली तरी जेमतेम दोन हजार शब्दांची आहे, तिसऱ्या लेव्हलच्या मुलांना सत्राच्या शेवटी मी अख्खी दिली, अवघड शब्दांचे अर्थ बाजूला लिहून.

बाइंडिंग ठीक. कागद चांगला, चित्रं जुन्या धाटणीची पण गोड. स्टेपलरनं दोन प्रतींची शेवटची पानं निघाली, तो माझा दोष, तुम्ही क्लिप वापरा.

लेव्हलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका एवढं मात्र सांगेन. ७०० वाल्यातलं एक पुस्तक १००० वाल्यापेक्षा जड गेलं, शब्द सोपे पण वाक्यं लांबलचक, कोण कुणाला बोलतंय तेच कळेना. मुलाला मधलंच एखादं पान वाचायला द्या, अडलेल्या शब्दाला एक बोट मोडायचं, एका पानात पाचही बोटं मोडली की पुस्तक बदला. अगदी साधा उपाय आहे पण कव्हरवरच्या आकड्यापेक्षा जास्त चालतो.

घ्यावा का? मिश्र लेव्हलचा वर्ग असेल आणि मुलांनी आजवर एकही पुस्तक पूर्ण केलं नसेल तर घ्या, पहिल्या दोन लेव्हल तर नक्की घ्या. मुलं आधीच वाचणारी असतील तर तिसऱ्या लेव्हलवर पैसे घालवू नका, छोट्या मूळ कथा थेट द्या. आणि तास कसा घ्यायचा ते गाइड सांगेल या भरवशावर कुणी घेणार असेल तर, नको. पाचपैकी साडेतीन, त्यातला एक अख्खा स्टार त्या ‘पूर्ण’ म्हणणाऱ्या मुलाचा.

अपडेट: कव्हरवरच्या शेवटाबद्दल प्रकाशकाला मेल केली होती, उत्तर आलं. आभार मानलेत आणि लिहिलंय की पुढच्या आवृत्तीत कव्हर बदलणार आहेत, नवीन कव्हरचा नमुनाही जोडलाय. मजकूर काढलाय खरा. आता त्या जागी चित्र आहे, बाई तोंडावर हात ठेवून उभी आणि समोर मैत्रीण तिला काहीतरी सांगतेय. वर्गात दाखवलं तर पहिल्या बाकावरून लगेच, ‘टीचर, हा तर शेवटच झाला.’